खडा काढला, कारण राहिलं

15 जुलै 1882 रोजी बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयात कार्ल लांगेनबूख या शल्यविशारदाने एका 43 वर्षांच्या माणसाचं पित्ताशय कापून काढलं. सोळा वर्षं कळांनी बेजार झालेला तो रुग्ण दुसऱ्या दिवशी सिगार ओढत होता आणि दीडेक महिन्यात घरी गेला. त्याआधी डॉक्टर फार तर पित्ताशयाला छेद देऊन खडे बाहेर काढत. अमेरिकेत इंडियानापोलिसला जॉन बॉब्ज यांनी 1867 मध्ये तसं केलं होतं. लांगेनबूखचं म्हणणं असं की खडे जिथे तयार होतात ती पिशवीच ठेवू नये. पिशवीवाचून जगता येईल का, या शंकेवरही त्याच्याकडे उत्तर तयार होतं. घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसतंच.

पुढच्या शंभर वर्षांत ही शस्त्रक्रिया इतकी सुधारली, की आज दाखल झालेला रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि शेजारीपाजारीही ‘स्टोनचं ऑपरेशन’ फारसं मनावर घेत नाहीत. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात एरवी क्वचित घडणारी गोष्ट इथे घडली. उपाय आधी हाती आला, कारण मागे राहिलं, आणि उपाय चांगला असल्यामुळे कारणाची निकड कुणाला वाटेना. हृदय किंवा यकृत काढून टाकून माणसाला घरी पाठवता येत नाही. म्हणून त्यांचे रोग का होतात हे शोधण्यावाचून गत्यंतर नसतं. पित्ताशयाच्या बाबतीत गत्यंतर होतं. या पुस्तकात ज्याची हकिगत आहे ते संशोधन या सोयीच्या सावलीत वाढलेलं आहे. ते सलग नाही. मधली कित्येक वर्षं ते मंदावलेलं दिसतं, आणि पुन्हा जागं झालं तेव्हा त्याला जागं करणारी गोष्ट बहुधा ऑपरेशन थिएटरच्या बाहेरची होती.

आधी थोडं शरीराबद्दल. यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. दोन जेवणांच्या मधल्या वेळात तो पित्ताशयात साठतो. पित्ताशयाची क्षमता जेमतेम 30 ते 50 मिलिलिटर, पण ते रसातलं पाणी शोषून तो चांगला घट्ट करतं. जेवणातली स्निग्धता लहान आतड्यात पोचली की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं, पित्ताशय आवळलं जातं आणि रस आतड्यात येतो. शिकागोच्या आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी 1928 मध्ये हे संप्रेरक ओळखलं. लग्नाच्या जेवणानंतर रात्री उजव्या बरगडीखाली कळ का येते, ते यावरून समजतं. खडा आधीपासून असतोच. तेलातुपाने पित्ताशय आवळलं जातं आणि खडा तोंडाशी येऊन अडकतो. जेवण हे कळेचं निमित्त. त्यावरून ‘तेलकट खाल्लं म्हणून खडा झाला’ असा निष्कर्ष घरोघरी निघतो, आणि तो निघू नये यासाठीच पुढची बरीच पानं खर्ची पडली आहेत.

कोलेस्टेरॉल म्हटलं की आज रक्ताचा रिपोर्ट आठवतो. पण हा पदार्थ प्रथम सापडला तो पित्तखड्यात. अठराव्या शतकात पूलेतिए द ला साल या फ्रेंच वैद्याने खड्यांतून तो वेगळा केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं. खडा कशाचा बनतो हे अशा रीतीने लवकर कळलं. का बनतो, यावरून जर्मनीत जो वाद पेटला तो या विषयातला पहिला मोठा वाद. स्ट्रासबुर्गच्या बेर्नहार्ड नाउनिन यांनी 1892 मध्ये या रोगावर ग्रंथ लिहिला आणि दोष जंतूंवर टाकला: रस साचतो, जंतू शिरतात, पित्ताशयाचं अस्तर सुजतं, आणि त्या सुजेतून खडा तयार होतो. तो काळ जंतुशास्त्राच्या भरभराटीचा होता. जो तो प्रत्येक रोगात जंतू पाहत होता. मॉयनिहान या ब्रिटिश शल्यविशारदाला तर प्रत्येक खडा आत मेलेल्या जंतूंची समाधी वाटे. फ्रायबुर्गचे विकृतिशास्त्रज्ञ लुडविग आशोफ यांना शवविच्छेदनाच्या टेबलावर मात्र निराळं दिसत होतं. कित्येक पित्ताशयांत एकच मोठा, शुद्ध कोलेस्टेरॉलचा खडा सापडे आणि भोवतालचं अस्तर अगदी निरोगी असे. सूजच नाही, तर सुजेतून खडा कसा होईल? सहकारी बाकमाइस्टर यांच्याबरोबर 1909 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं आणि दोष चयापचयावर ठेवला. सूज आधी की खडा आधी, हा वाद पुढे अर्धशतक रेंगाळला.

तो आशोफच्या बाजूने सुटल्यासारखा वाटला 1968 मध्ये. बोस्टनचे विल्यम ॲडमिरँड आणि डोनाल्ड स्मॉल यांनी एक त्रिकोण काढला. त्याच्या तीन बाजूंवर तीन घटक: कोलेस्टेरॉल, लेसिथिन आणि पित्तक्षार. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तरसात ते राहतं ते उरलेल्या दोघांच्या आधाराने. त्या दोघांचं प्रमाण कमी पडलं, किंवा यकृताने कोलेस्टेरॉल जास्त सोडलं, की रस अतिसंपृक्त होतो. त्रिकोणातली एक रेघ ओलांडली की खड्याची शक्यता आली. वैद्यकशास्त्रात इतकी देखणी आकृती फार कमी वेळा मिळते, आणि मला वाटतं तिच्या देखणेपणामुळेच थोडी घाई झाली. कारण पाचच वर्षांनी क्लीव्हलंडचे हॉल्झबाख आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं की पूर्ण निरोगी, खडे नसलेल्या माणसांचाही पित्तरस पुष्कळदा रेघेपलीकडे असतो. मग त्यांना खडे का होत नाहीत?

खडीसाखर करताना नुसता पाक घट्ट असून भागत नाही, त्यात दोरा सोडावा लागतो. साखर त्या दोऱ्याला धरते. हॉल्झबाखच्या गटाने 1979 मध्ये असाच प्रश्न पित्ताला विचारला. रसातले आधीचे स्फटिक काढून टाकले, तो तसाच ठेवला आणि नवे स्फटिक किती दिवसांत दिसतात ते मोजलं. खडे असलेल्यांच्या रसात सरासरी तीनेक दिवसांत ते दिसले. खडे नसलेल्यांच्या रसात साधारण पंधरा दिवस लागले. म्हणजे खडेवाल्यांच्या पित्तात दोऱ्याचं काम करणारं काहीतरी होतं. पहिला संशय गेला पित्ताशयाच्या अस्तरातून झिरपणाऱ्या म्यूसिन या चिकट द्रवावर. अमेरिकेच्या माळरानावरच्या प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्याला कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य दिलं की त्याला लवकर खडे होतात. खडे दिसण्याआधी म्यूसिन वाढतं हे त्याच्यावरच्या प्रयोगांत दिसलं, आणि 1981 मध्ये ॲस्पिरिन देऊन म्यूसिन रोखल्यावर खडे टळले. माणसांना ॲस्पिरिन देऊन खडे टाळता येतात असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. पण पित्ताशयाची भिंत ही नुसती पिशवी नसून गुन्ह्यात सामील आहे, हे तेव्हा पक्कं झालं.

आणि मग 2019. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या संशोधकांनी खडे आणि पित्ताशयातला गाळ तपासला, तेव्हा त्यात माणसाचा डीएनए सापडला. रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू पकडण्यासाठी आपल्याच डीएनएची जाळी बाहेर फेकतात; स्फटिक समोर आले तरी त्या तसंच करतात. ती जाळी स्फटिकांना एकत्र बांधते आणि बारीक रवाळ गाळाचा खडा होतो. उंदरांत ही जाळी रोखल्यावर खडे कमी झाले. नाउनिनच्या ग्रंथानंतर सव्वाशे वर्षांनी शरीराची संरक्षक यंत्रणा पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आली. फरक इतकाच की तिला डिवचायला जंतू असलाच पाहिजे असं आता राहिलं नाही. आशोफ आणि नाउनिन दोघंही अर्धे बरोबर होते. त्यांना एकमेकांचं अर्धं पटलं नाही, एवढंच.

हे झालं कोलेस्टेरॉलच्या खड्यांचं. सगळे खडे त्यांचे नसतात. काळे खडे बिलिरुबिनचे. लाल पेशी जास्त प्रमाणात फुटतात तिथे ते होतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा घराघरातला आजार आहे, आणि तिथे शाळकरी वयाच्या मुलाच्या सोनोग्राफीत खडे दिसले तर त्या मुलाच्या खाण्यापिण्याची उलटतपासणी करण्यात काही अर्थ नसतो. ‘लठ्ठ, चाळिशीची, लेकुरवाळी’ हा पाठ्यपुस्तकातला साचा या मुलांना लागू पडत नाही. माझ्या मते त्या साच्याने फायद्याइतकंच नुकसानही केलं आहे. सडपातळ पुरुषाच्या पोटदुखीला वर्षानुवर्षं ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळ्या मिळत राहतात. तपकिरी खडे पुन्हा वेगळे. ते पित्तनलिकेत होतात, आणि तिथे नाउनिनचे जंतू खरोखरच असतात. जपानमध्ये सेंदाईच्या तेत्सुओ माकी यांनी 1960च्या दशकात दाखवलं की ई. कोलाय जंतूंचं एक विकर बिलिरुबिनला विरघळलेल्या स्थितीतून सोडवतं आणि मग ते कॅल्शियमसह साका होऊन बसतं. युद्धोत्तर जपानमध्ये जंत आणि आतड्याचे संसर्ग घटले, आहार बदलला, तशी तपकिरी खड्यांची जागा हळूहळू कोलेस्टेरॉलच्या खड्यांनी घेतली. एकाच देशात, एका पिढीत, त्याच नावाच्या रोगाची जात बदलली.

खडे हा आधुनिक खाण्याचा रोग आहे, असं सरसकट म्हणायची सोय मात्र नाही. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओट्झी या माणसाच्या पित्ताशयात खडे होते. इजिप्तमधल्या अमुन देवाच्या एका पुजारिणीच्या ममीतही तीस खडे होते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयातला तो नमुना दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला.

कुणाला होतात, या प्रश्नावर सगळ्यात धक्कादायक आकडे आले ॲरिझोनातल्या पीमा या मूळ अमेरिकन जमातीतून. 1970 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 25 ते 34 वयाच्या पीमा बायकांपैकी दहात सात जणींना पित्ताशयाचा विकार आढळला. अशा जमातीकडे पाहिलं की रक्तातच काहीतरी असणार असं वाटतं, आणि थोडं आहेही. यकृतातून पित्तात कोलेस्टेरॉल सोडणाऱ्या पंपाच्या जनुकात एक फरक 2007 मध्ये जर्मन संशोधकांना सापडला. चिलीच्या लोकांतही तो दिसला. हा फरक असलेल्यांचा पंप जरा जास्तच तत्पर असतो. पण स्वीडनमध्ये 43,000 हून अधिक जुळ्यांच्या जोड्या तपासून 2005 मध्ये जे गणित मांडलं गेलं, त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक चतुर्थांश निघाला. उरलेलं राहणीत, वजनात, बाळंतपणात, औषधांत आहे. बायकांत खडे जास्त, कारण इस्ट्रोजेन पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं आणि गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन पित्ताशय सुस्त करतं. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्यांत जास्त, कारण इन्सुलिनला दाद न देणारं यकृत तोच पंप जोरात चालवतं. उंदरांवरच्या 2008 मधल्या प्रयोगांनी ही साखळी कडी-कडीने दाखवली.

आहाराविषयी सगळ्यात बोलका प्रयोग मला डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांचा वाटतो. व्हिटॅमिन ‘के’साठी 1943 चं नोबेल मिळालेला हा माणूस नंतरच्या काळात हॅमस्टरांच्या पित्ताशयात रमला. त्याने हॅमस्टरांना स्निग्ध पदार्थ पूर्ण वर्ज्य केलेलं, साखरेने भरलेलं खाद्य दिलं, आणि त्यांना कोलेस्टेरॉलचे खडे झाले. माणूस हॅमस्टर नव्हे, हे खरं. पण माणसातही झटपट वजन उतरवण्यासाठी अत्यल्प उष्मांकाचा, जवळजवळ चरबीविरहित आहार दिलेल्यांपैकी एक चतुर्थांश जणांना आठ आठवड्यांत खडे झाल्याचं 1989 मध्ये दिसून आलं. शिरेतून पोषण चालू असलेल्या रुग्णांच्या पित्ताशयात काही आठवड्यांत गाळ साचतो. पित्ताशयाला कामच मिळालं नाही की रस तिथेच पडून राहतो. दोन महिन्यांत वीस किलो उतरवून देणाऱ्या जाहिरातींखाली ही गोष्ट बारीक अक्षरातही नसते.

इथे व्हॉट्सॲपवरच्या ‘लिव्हर फ्लश’बद्दल बोलायलाच हवं, कारण हे पुस्तक हातात घेणाऱ्या निम्म्या वाचकांना तो कुणीतरी पाठवलेला असणार. सफरचंदाचा रस, मग ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस, आणि सकाळी संडासात हिरवट मऊ गोळ्या: ‘खडे पडले!’ न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्ण बाईंनी आणलेल्या गोळ्या तपासल्या आणि 2005 मध्ये त्यावर टिपण लिहिलं. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, आणि त्या थोड्या उष्णतेला वितळत होत्या. पोटात तेल आणि लिंबाचा रस यांचा साबण झाला होता. बाईंचे खरे खडे पित्ताशयातच होते.

1970च्या दशकात या संशोधनाला खरा पैसा मिळाला, तो औषधाच्या आशेने. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1972 मध्ये चिनोडीऑक्सिकोलिक आम्ल तोंडाने देऊन खडे विरघळवून दाखवले. त्रिकोणाची आकृती हातात होतीच. रसाचं प्रमाण दुरुस्त करा, खडा आपोआप विरघळेल. पुढे अमेरिकेत मोठी चाचणी झाली आणि 1981 मध्ये निकाल आला: दोन वर्षं पूर्ण मात्रा घेऊनही जेमतेम 13-14 टक्क्यांचे खडे पूर्ण गेले. मग अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल आलं, बाहेरून ध्वनिलहरींनी खडे फोडायचं यंत्र आलं. एवढ्यात, 1985 मध्ये जर्मनीतल्या ब्यॉबलिंगेनला एरिख म्यूहे यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. सुरुवातीला त्यांची टर उडवली गेली, आणि पाच वर्षांत जग त्यांच्याच वाटेने चालू लागलं. भारतात ही शस्त्रक्रिया प्रथम केली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी, 1990 मध्ये. खासगी, श्रीमंत रुग्णालयांआधी ती सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णापर्यंत पोचली याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण तिचा एक दुष्परिणाम कुणी मोजला नाही. चार छोटी छिद्रं आणि दोन दिवसांची रजा, एवढ्यावर प्रश्न मिटू लागल्यावर कारणं शोधणाऱ्या प्रयोगशाळांचा उत्साह आणि अनुदान दोन्ही ओसरलं.

ते पुन्हा वाढलं, किंबहुना वाढावंच लागलं, ते पित्ताशयाच्या कर्करोगामुळे. हा कर्करोग जगात दुर्मिळ आहे, पण सगळीकडे सारखा दुर्मिळ नाही. चिलीमध्ये, विशेषतः मापुचे लोकांत, तो जास्त. आणि आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात, बिहार-उत्तर प्रदेशात, पुढे आसामपर्यंत, त्यातही बायकांत. दक्षिणेत तो कमी. महाराष्ट्रातही कमी, तरी मुंबईच्या टाटा मेमोरिअलच्या बाह्यरुग्ण विभागात तो रोज दिसतो, कारण उत्तरेकडून गाड्या भरून रुग्ण इथे येतात. कळ येऊन निदान होईपर्यंत बहुतेकांची शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. म्हणजे लांगेनबूखचा उपाय इथे हात टेकतो. कारण शोधण्यावाचून खरोखरच गत्यंतर नाही, अशी पित्ताशयाच्या बाबतीत ही पहिलीच वेळ. म्हणूनच या पुस्तकाची जवळजवळ निम्मी पानं या एका प्रश्नाला दिली आहेत.

उत्तर-दक्षिणेतला हा फरक फार आधी एका रेल्वेच्या डॉक्टरने टिपला होता. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सेवेत असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. नोकरी एक, पगाराच्या श्रेणी एक, रुग्णालयांची पद्धत एक. फरक राहण्याच्या प्रदेशाचा. 1968 मध्ये त्यांनी लिहिलं, की उत्तर भारतीय कर्मचाऱ्यांत पित्तखड्यांचं प्रमाण दक्षिण भारतीयांच्या सातपट आहे. कारण त्यांनी आहारात शोधलं. त्यांच्या स्पष्टीकरणापेक्षा मला त्यांची पद्धत मोलाची वाटते. सोनोग्राफी नव्हती, संगणक नव्हते. रेल्वेचं रजिस्टर होतं आणि ते कसं वाचायचं याची अक्कल होती.

पण खड्यांवरच सगळं भागत नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मुंबई आणि पाटण्याच्या शल्यविशारदांबरोबर गंगेच्या खोऱ्यातल्या साठ गावांत सोनोग्राफी यंत्रं नेली. 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: खडे सुमारे 4 टक्के लोकांत, बायकांत साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पाश्चात्त्य देशांत प्रौढांतलं प्रमाण 10 ते 15 टक्के आहे. तिथे खडे जास्त आणि कर्करोग कमी. इथे खडे त्या मानाने कमी आणि कर्करोग जास्त. खड्यावर आणखी काहीतरी चढतं, तेव्हाच हे घडतं.

ते काय, याचे संशयित पुष्कळ आहेत. सगळ्यात जुना विषमज्वर. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन स्वतः कधी आजारी न पडता लोकांना विषमज्वर देत राहिली. तिचं पित्ताशय काढायचा प्रस्ताव आला तेव्हा तिने तो धुडकावला. विषमज्वराचा जंतू पित्तात तग धरतो आणि खड्यांवर चिकट थर करून वर्षानुवर्षं राहतो. स्कॉटलंडमध्ये या संशयाची एक नैसर्गिक परीक्षाच झाली. 1964 मध्ये ॲबर्डीनला अर्जेंटिनाहून आलेल्या डबाबंद मांसातून विषमज्वराची साथ आली आणि पाचशेहून अधिक लोक आजारी पडून बरे झाले. ब्रिटिश संशोधकांनी 1994 मध्ये त्यांची तुलना जुनाट वाहकांशी केली. एकदा आजारी पडून बरे झालेल्यांत पित्ताशयाचा कर्करोग वाढलेला नव्हता. वाहकांत तो प्रचंड वाढलेला होता. ताप आला हे कारण नव्हे, जंतूने घर केलं हे कारण. हा जंतू पेशीला कर्करोगाच्या वाटेवर कसा ढकलतो, हे नेदरलँड्समधल्या एका गटाने 2015 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरिअलच्या संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या गटाने 2016 मध्ये भारतीय रुग्णांच्या गाठींत साल्मोनेलाच्या, त्यातही विषमज्वराव्यतिरिक्तच्या जातींच्या डीएनएचा माग काढला.

मोहरीच्या तेलावरचा आणि त्यातल्या पिवळ्या धोतऱ्याच्या भेसळीवरचा संशयही जुना. इथे मात्र सावध राहायला हवं. मोहरीचं तेल खाणारा माणूस बहुधा गंगेच्या खोऱ्यातच राहतो, तिथलंच पाणी पितो, तिथल्याच पूर्वजांची जनुकं घेऊन आलेला असतो. तेल आणि कर्करोग एकत्र दिसले म्हणून तेल दोषी ठरत नाही. शिवाय चिलीत मोहरीचं तेल कुणी खात नाही. तिथे 2015 मधल्या एका अभ्यासात रुग्णांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जास्त आढळल्या. खराब साठवणीच्या शेंगदाण्यावर येणाऱ्या बुरशीचं हे विष तिथल्या लाल मिरचीत सापडतं. बिहार आणि आसाममध्ये बोअरवेलच्या पाण्यातल्या आर्सेनिककडेही बोट दाखवलं जात आहे.

संबंध आणि कारण यांतला गुंता सोडवण्याचा एक मार्ग टाटा मेमोरिअलमधूनच आला. शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हजाराहून अधिक रुग्णांची जनुकं तपासून सातव्या गुणसूत्रावर या कर्करोगाशी निगडित फरक दाखवले. त्यातलं एक जनुक पित्तात लेसिथिन सोडण्याचं काम करतं, म्हणजे त्या 1968 च्या त्रिकोणाची एक बाजूच. पुढे 2021 मध्ये त्याच गटाने उलट दिशेने विचारलं. खड्यांकडे कल असलेले जनुकभेद माणूस जन्मतः घेऊन येतो. गरिबी, तेल, विहिरीचं पाणी यांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. असे भेद ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात कर्करोगही जास्त निघाला तर खडा हा नुसता सोबती नाही, कारणांपैकी एक आहे. निघाला तसाच.

यातून जो व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, तो शेवटच्या प्रकरणात घेतला आहे. त्रास न देणारा खडा सापडला तर काय करावं? याचं प्रसिद्ध उत्तर मिशिगन विद्यापीठातून आलं. तपासणीत खडे आढळलेल्या पण कसलाही त्रास नसलेल्या 123 प्राध्यापकांवर लक्ष ठेवलं, तर पंधरा वर्षांत जेमतेम 18 टक्क्यांना कळा आल्या आणि खड्यांमुळे कुणी दगावलं नाही. 1982 च्या या अभ्यासावर ‘त्रास नसेल तर हात लावू नका’ हा सल्ला उभा आहे, आणि तो बहुतेक जगासाठी बरोबर आहे. त्या 123 जणांपैकी 110 पुरुष होते. चिलीने हा सल्ला आपल्याला लागू नाही असं ठरवलं. 2006 पासून तिथल्या सरकारी हमी योजनेत 35 ते 49 वयाच्या, खडे असलेल्या माणसाला कर्करोग टाळण्यासाठी पित्ताशय काढून मिळतं. बिहारमधल्या चाळिशीच्या बाईच्या सोनोग्राफीत दोन सेंटिमीटरचा शांत खडा दिसतो, तेव्हा तिच्या डॉक्टरने मिशिगनच्या बाजूने बोलावं की चिलीच्या, हे ठरवायला लागणारे भारतीय आकडे गोळा करण्याचं काम आज पाटणा, वाराणसी, गुवाहाटी आणि मुंबईत चालू आहे. ते काम करणाऱ्यांपैकी फार थोडे शल्यविशारद आहेत.